तिसरा नंबर कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी आमच्या उपनगरात डोळ्यांच्या तपासणीचं मोफत शिबिर भरलं होतं. शेजारच्या आजी पहाटेच जाऊन बसल्या. नाव नोंदवणाऱ्यांत त्या तिसऱ्या. दिवसाला पहिल्या वीस जणांनाच तपासणार होते. थोड्या वेळानं संगणकातून छापील यादी आली, तर आजींचा नंबर सत्ताविसावा! 'नंबर कुणी फिरवला?' म्हणून बरीच बाचाबाची झाली आणि आजी तपासणीविना घरी परतल्या.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता. पण माझी मुलगी प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करते. ती म्हणाली, "अब्बा, कुणी लबाडी केली असेलच असं नाही. नावं हॅश मॅपमध्ये ठेवली असतील आणि नंबर त्यातूनच काढले असतील."

हे काय प्रकरण आहे, ते मी तिच्याकडून समजून घेतलं. संगणकात माहिती ठेवायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक म्हणजे रांग. रांगेत तिसरा कोण, हे लगेच सांगता येतं. पण एखादं नाव शोधायचं तर एकेकाला विचारत जावं लागतं. दुसरी तऱ्हा मॅपची. तिथं प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते. किल्ली दिली की नोंद हाती येते, मग नोंदी लाखभर असोत.

किल्लीचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. एका कवीनं देशभरच्या पत्त्यांना आकड्यांत बसवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आठ खणांचं एक कपाट घ्या. खणांना शून्य ते सात असे आकडे द्या. पिनकोडला आठानं भागायचं आणि जी बाकी उरेल त्या खणात चिठ्ठी टाकायची. आपण या क्रमानं चिठ्ठ्या टाकू : अंधेरी पश्चिम ४०००५८, बोरिवली पश्चिम ४०००९२, मुलुंड पश्चिम ४०००८०, घाटकोपर पश्चिम ४०००८६. बाकी उरते अनुक्रमे २, ४, ० आणि ६. घाटकोपरची चिठ्ठी हवी असेल तर भागाकार करा आणि थेट सहावा आकडा असलेला खण उघडा. शोधाशोध नाही.

पण वरून खाली खण उघडत गेलात तर क्रम कसा दिसेल? मुलुंड, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर. आपण तिसरी टाकली होती मुलुंडची चिठ्ठी. कपाटात तिसरी निघाली बोरिवलीची!

पुढे गंमत आणखी वाढते. बोरिवली पूर्वचा ४०००६६ आला तर त्याचीही बाकी २, म्हणजे अंधेरीच्याच खणात दाटी. एका खणात दोन चिठ्ठ्या चालतात, पण गर्दी वाढली की शोधायला वेळ लागतो. म्हणून कपाट भरत आलं की संगणक खण दुप्पट करतो आणि चिठ्ठ्या नव्यानं लावतो. आपल्या पहिल्या चार चिठ्ठ्या सोळा खणांत लावून पाहा. क्रम होतो मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. आता तिसरी अंधेरी! चिठ्ठी एकही बदललेली नाही, तरी तिसरा नंबर बदलला. खरे प्रोग्रॅम याहून गुंतागुंतीचा हिशेब करतात, पण तत्त्व हेच. म्हणून अशा मॅपला 'तिसरा कोण?' हा प्रश्न विचारायचाच नसतो. गो नावाच्या भाषेत तर मॅपमधून फिरण्याचा क्रम मुद्दाम बदलता ठेवला आहे, म्हणजे कुणी त्यावर विसंबू नये.

मग दोन्ही हवं असेल तर? जावा भाषेत २००२ पासून एक जोडलेला मॅप मिळतो. त्यात प्रत्येक नोंद पुढच्या-मागच्या नोंदीचा हात धरून असते, त्यामुळे आल्याचा क्रम टिकतो. पायथन भाषेनंही २०१८ पासून हा क्रम राखण्याची हमी दिली. पण तिथंही थेट 'तिसरं दे' म्हणता येत नाही. संगणक त्या आकड्यालाच किल्ली समजतो. तिसरी नोंद हवी तर पहिलीपासून मोजत जायचं, नाहीतर किल्ल्यांची वेगळी रांग करून ठेवायची. सगळ्यात साधा उपाय म्हणजे नोंद होतानाच तिच्यासोबत अनुक्रमांक लिहून ठेवायचा आणि यादी छापताना त्यावरून लावून घ्यायची.

मुलगी दुसऱ्या दिवशी शिबिरात जाऊन आली. तिचा अंदाज बरोबर निघाला. यादी बनवणारा मुलगा विशीतला, होतकरू. त्यानं मोबाइल नंबरांना किल्ली केलं होतं, आल्याचा क्रम कुठंच लिहिला नव्हता. पहिल्या दिवशीची रांग आता त्यालाही सांगता येईना, कारण ती संगणकात कधी शिरलीच नव्हती. त्यानं प्रोग्रॅममध्ये अनुक्रमांकाचा रकाना घातला आणि नाव नोंदवताच हातात चिठ्ठी द्यायला सुरुवात केली.

आजी पुन्हा पहाटे गेल्या. या वेळी त्या पाचव्या होत्या. छापील यादीतही पाचव्याच निघाल्या. तुम्हीही कुठं रांगेत नाव नोंदवाल तेव्हा नंबर लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या.