लुडविगच्या नावातला हरवलेला ‘ह’

भिलाईच्या पावर हाउसहून एका वाचकांनी विचारलं आहे: भाचीला जर्मनीत मुलगा झाला, जावई तिकडचेच, बाळाचं नाव लुडविग ठेवलंय. त्याचा अर्थ काय? आणि ‘हे नाव मूळचं संस्कृतच’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, ते खरं का?

‘लुड’ म्हणजे नामांकित, ‘विग’ म्हणजे लढाई. नावांच्या संकेतस्थळांवर याचा ‘प्रसिद्ध योद्धा’ असा समास सोडवलेला असतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. जुन्या जर्मन घराण्यांत एक तुकडा बापाच्या नावातला, एक आईकडचा, अशीही नावं जुळवत. दोन्ही मिळून अर्थ लागलाच पाहिजे असं नव्हतं.

खरी मौज ‘लुड’च्या आधी आहे. फ्रँक सम्राट शार्लमेनचा मुलगा लुई (म्हणजे लुडविगच) इ.स. 840 मध्ये वारला. त्याच्या नाण्यांवर नाव कोरलंय ते ‘ह्लुडोविकुस’. सुरुवातीलाच ठसठशीत रोमन ‘एच’! पुढे बोलण्यातून हा ‘ह’ गळाला.

तो परत जागेवर ठेवला, की संस्कृतशी नातं दिसू लागतं. संस्कृतात जिथे ‘श’, तिथे जर्मनमध्ये अनेकदा ‘ह’ येतो: शत आणि हुंडर्ट, श्वन् आणि हुंट. याच हिशेबाने ‘ह्लुड’ म्हणजे आपला ‘श्रुत’. ‘र’ आणि ‘ल’ची अदलाबदल तर नेहमीचीच. शत्रुघ्नाची पत्नी श्रुतकीर्ती आणि जर्मनीतलं हे बाळ, दोघांच्या नावाचा पहिला तुकडा एकच. घरात हाक मारायला मराठी नाव हवं असेल, तर ‘विश्रुत’ अगदी चपखल बसेल.

पण म्हणून लुडविग संस्कृतातून आला असं होत नाही. ग्रीकमध्ये हाच शब्द ‘क्लुटोस’ आहे. मूळ ध्वनी ‘क’च्या जवळचा होता, जर्मन शाखेत त्याचा ‘ह’ झाला, संस्कृतात ‘श’. आपला ‘श’सुद्धा बदललेलाच! भिलाईचे रूळ आणि राउरकेल्याचा पत्रा दोन्ही लोहखनिजापासून होतात, पत्रा काही रूळ वितळवून करत नाहीत.

जर्मन शाखेतल्या अशा ध्वनिबदलांना ‘ग्रिमचा नियम’ म्हणतात. हिमगौरीची गोष्ट जगभर पोचवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने तो 1822 मध्ये पद्धतशीर मांडला. पण त्याच्या आधी, 1818 मध्ये छापलेल्या निबंधात, डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने यातल्या बऱ्याचशा जोड्या दाखवल्या होत्या. ग्रिमने तो निबंध वाचला होता. नियमाला रास्कचंही नाव हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्या निबंधात रास्कने संस्कृतला हात घातला नव्हता. पुढे हा माणूस रशिया, इराण करत 1820 मध्ये थेट मुंबईत उतरला. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाची भाषा बनावट आहे असं तेव्हा काही युरोपीय विद्वान म्हणत. ती अस्सल आणि प्राचीन आहे, हे रास्कने मुंबईतच निबंध लिहून दाखवलं आणि हस्तलिखितं कोपनहेगनला नेली. 1832 मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी तो गेला.

ग्रिमच्या नियमाला न जुमानणारे शब्द उरले होते. तो गुंता 1877 मध्ये सोडवला तोही एका डेन माणसानेच, कार्ल व्हर्नरने, आणि वैदिक स्वरांच्या आधारे. ‘पितृ’मधला उदात्त (उंच सुराचा) स्वर शेवटी, ‘भ्रातृ’मधला सुरुवातीला, म्हणून जर्मन ‘फाटर’मध्ये ‘ट’ आहे आणि ‘ब्रूडर’मध्ये ‘ड’.