पट गप्प बसलाय? आधी साखळी तपासा!

हाताखाली लाकडी पट, बोटांत खरीखुरी मोहरी आणि समोरचा खेळाडू मात्र हजारो मैलांवर. इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळाच्या पटाची हीच तर गंमत! तुम्ही प्यादं दोन घरं पुढे सरकवलं की ती चाल ऑनलाइन डावात आपोआप उमटते. लेक्चर स्क्रीनवर, नोट्स स्क्रीनवर, टाइमपासही स्क्रीनवर. निदान बुद्धिबळ तरी मान वर करून खेळता येतं.

पण डाव ऐन रंगात आला की अ‍ॅप सांगतं, 'बोर्ड डिस्कनेक्टेड'. घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. वजीर जास्त असूनही वेळेवर हरलात, की रेटिंग उतरलंच!

मग आपण काय करतो? पट बंद-चालू करतो, फोन रिस्टार्ट करतो, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतो, केबल उपसून पुन्हा खुपसतो. तेही सगळं एका दमात. कधी जमतं, कधी नाही. जमलं तरी नेमकं कशामुळे, ते कळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी तोच गोंधळ पहिल्यापासून. शेवटी 'बोर्डच खराब निघाला' असा निकाल लागतो आणि पॉकेटमनी साठवून घेतलेला पट कपाटावर धूळ खात पडतो. खरं तर बऱ्याचदा बिचाऱ्या पटाचा काही दोषच नसतो.

मधूनच तोडा!

चाल पटावरून ऑनलाइन डावापर्यंत एका उडीत जात नाही. मोहऱ्याखालचा सेन्सर, पटातलं सर्किट, केबल किंवा ब्लूटूथ, फोन किंवा लॅपटॉप, अ‍ॅप आणि शेवटी वेबसाइट अशी ती साखळी आहे. 'कनेक्ट होत नाही' म्हणजे यातली कुठली तरी एक कडी निसटली आहे. ती शोधायची तर टोकापासून कशाला सुरुवात करायची? मधूनच तोडा. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप उघडा आणि एक मोहरा उचला. स्क्रीनवरचा मोहरा हलला, तर पट, केबल, ब्लूटूथ सगळं ठणठणीत आहे. गडबड पुढे, वेबसाइटच्या बाजूला. नाही हलला, तर गडबड मागे. एका तपासणीत निम्मी साखळी निकालात! कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना यात बायनरी सर्च दिसला असेल. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते बघा.

केबलवाल्यांसाठी

पहिला संशय केबलवर घ्या. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. पटाचा दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं की केबल चांगली आहे. याच केबलने फोन लॅपटॉपला जोडून फोटो दिसतात का, ते बघा. यूएसबी हब वापरत असाल, तर तो काढून थेट लॅपटॉपला जोडा.

केबल चांगली निघाली, तर विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पट जोडा. यादीत काही नवं उगवलं का? नसेल किंवा त्यावर पिवळी खूण असेल, तर ड्रायव्हर तपासा. सीरियल पोर्टवरून बोलणाऱ्या पटांची आणखी एक खोड असते. तो पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. मागे दुसरं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल, तर नव्याला 'पोर्ट बिझी' असंच उत्तर मिळणार. उबंटूवर तुमचं युजरनेम 'डायलआउट' ग्रुपमध्ये नसेल, तर पट दिसतो पण उघडत नाही.

ब्लूटूथवाल्यांसाठी

नव्या पटांमध्ये बहुतेक ब्लूटूथ लो एनर्जी असतं. हेडफोन जोडतो तसं सेटिंग्जमध्ये जाऊन पेअर करण्याची सवय इथे नडते. असे पट अ‍ॅपच्या आतूनच जोडायचे असतात. सेटिंग्जमध्ये पेअर केला असेल, तर 'फर्गेट' करा आणि अ‍ॅपमधून नव्याने शोधा.

परवानग्यांचंही बघा. अँड्रॉइड ११पर्यंत असा पट शोधायला अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइड १२पासून 'निअरबाय डिव्हाइसेस' ही वेगळी परवानगी आली. इन्स्टॉल करताना घाईत 'डोन्ट अलाऊ' दाबलं असेल, तर पट शेजारी असूनही फोनला तो दिसणार नाही.

होस्टेलवर आणखी एक गंमत होते. पट सहसा एका वेळी एकाच फोनशी बोलतो. काल रूममेटच्या फोनवर खेळलात आणि त्याचं अ‍ॅप अजून उघडं असेल, तर पट तिकडेच चिकटून बसतो आणि तुमचा फोन नुसताच शोधत राहतो. त्याचं ब्लूटूथ बंद करायला सांगा, काम होईल. ब्राउझरमधून जोडत असाल, तर क्रोम वापरा. त्यासाठी लागणारं वेब ब्लूटूथ सफारी आणि फायरफॉक्समध्ये चालत नाही.

जोडलाय, पण पटत नाही

कधी कधी कनेक्शन उत्तम असतं. पट आणि अ‍ॅप यांचं एकमेकांशी पटत नसतं. हे समजायला पट 'बघतो' कसा, ते माहीत हवं. काही पट चुंबकावर चालतात. घरावर काहीतरी आहे एवढंच त्यांना कळतं. तो उंट आहे की घोडा, ते कळत नाही. सुरुवातीच्या मांडणीपासून कोण कुठे गेलं, याचा हिशेब ते ठेवतात. म्हणून डाव मध्येच मांडला, की त्यांचा गोंधळ उडतो. मोठ्या स्पर्धांमध्ये दिसणाऱ्या डीजीटी या डच कंपनीच्या पटांची रीत वेगळी आहे. तिथे प्रत्येक प्रकारच्या मोहऱ्यात वेगळ्या फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देणारी कॉइल असते, त्यामुळे पट मोहरा ओळखतो.

चाल उमटत नसेल, तर हा तक्ता डोक्यात ठेवा. एकच मोहरा सगळीकडे हुकतो? दोष मोहऱ्यात. एकाच घरावर सगळे मोहरे हुकतात? दोष त्या घराच्या सेन्सरमध्ये. अख्खी ओळ मेली? पटाच्या आतलं वायरिंग किंवा सर्किट बिघडलंय, सर्व्हिस सेंटर गाठा. यातलं काहीच नसेल, तर मोहरा घराच्या मधोमध ठेवला होता का, आणि कॅसलिंग करताना आधी राजा, मग हत्ती हलवला होता का, ते आठवा.

२०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण इथे बसून तिच्या चाली लाइव्ह बघत होतो. मोठ्या स्पर्धांमध्ये चाली आपल्यापर्यंत पोहोचतात त्या अशा सेन्सरवाल्या पटांवरूनच. डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मध्यभागी ठेवतात, ते का माहितीये? तो पटाला दिलेला निरोप असतो. दोघेही मधल्या पांढऱ्या घरांवर म्हणजे पांढरा जिंकला, काळ्या घरांवर म्हणजे काळा जिंकला, एक पांढऱ्यावर नि एक काळ्यावर म्हणजे बरोबरी. आणि एवढं तंत्रज्ञान असूनही मुख्य डावांमध्ये खेळाडू प्रत्येक चाल कागदावर लिहितातच.

वेबसाइटचे नियमही वाचा

लिचेसवर बाहेरचा पट जोडता येतो, पण त्यावरून बुलेट खेळता येत नाही. अनोळखी खेळाडूशी जोडी लावायची, तर रॅपिड किंवा त्याहून संथ डावच घ्यावा लागतो. ब्लिट्झ हवा असेल, तर थेट कुणाला तरी आव्हान द्यावं लागतं. हे न वाचता एक मिनिटाचा डाव शोधत बसलात, तर पटाला कितीही शिव्या घाला, उपयोग नाही. डीजीटीचा पट तिथे जोडायचा, तर सहसा 'लाइव्हचेस' हे सॉफ्टवेअर चालू असावं लागतं.

डाव चालू असताना तुटलं तर?

तेव्हा दुरुस्तीला बसूच नका. आधी डाव वाचवा! फोनवर त्याच अकाउंटने तोच डाव उघडा आणि चाल स्क्रीनवर करा. पटाची चौकशी डाव संपल्यावर. नवा पट असेल किंवा अ‍ॅप नुकतंच अपडेट झालं असेल, तर पहिले एक-दोन डाव कॉम्प्युटरशी, बिनरेटिंगचे खेळा. फर्मवेअर अपडेट मॅचच्या आदल्या रात्री मुळीच नको. ते निवांत वेळी, बॅटरी पूर्ण चार्ज असताना करा.

तरीही अडलं, तर कंपनीला नुसतं 'नॉट वर्किंग' असं कळवू नका. पटाचं मॉडेल, फर्मवेअर, फोनची सिस्टिम, काय केलं, काय झालं आणि कुठल्या कडीपर्यंत सगळं ठीक होतं, हे पाच ओळींत लिहा. सोबत छोटासा व्हिडिओ जोडा.

सेकंडहँड पट घेताना मात्र किमतीआधी एक प्रश्न विचारा: कंपनीचं अ‍ॅप उद्या बंद पडलं, तर हा पट दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरशी बोलेल का? काही कंपन्यांनी आपल्या पटाची भाषा डेव्हलपरांसाठी खुली केली आहे. अशा पटाला उद्या कुणीतरी नवं अ‍ॅप लिहू शकतं. ज्याची भाषा एकाच अ‍ॅपला कळते, तो पट त्या अ‍ॅपबरोबरच मुका होतो. मग साखळी कितीही तपासली, तरी उपयोग नाही.