बेटांना डायलिसिस यंत्रे दिली, पण त्यांच्या मुख्य मागणीचे काय?

प्रशांत महासागरातील तुवालू या देशाची लोकसंख्या सुमारे ११ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तुवालूला एक मत आहे आणि १४० कोटींच्या भारतालाही एकच. शेजारच्या किरिबाटीची जमीन जेमतेम ८०० चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागाहून मोठा. मत आणि समुद्र या दोन गोष्टींसाठी मोठे देश या बेटांच्या दारात येतात.

चीन तिथे वेगाने पुढे सरकला. २०१९ मध्ये सॉलोमन बेटे आणि किरिबाटी यांनी, तर जानेवारी २०२४ मध्ये नाउरूने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले.

भारताचे फिजीशी नाते जुने आहे. १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांहून अधिक भारतीयांना गिरमिटिया मजूर म्हणून तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. बेटराष्ट्रांशी एकत्रित संवाद मात्र नोव्हेंबर २०१४ मध्ये फिजीची राजधानी सुवा येथे सुरू झाला. तेव्हा १४ बेटराष्ट्रांना दिले जाणारे वार्षिक अनुदान प्रत्येकी सव्वा लाखावरून दोन लाख डॉलर करण्यात आले. पुढची बैठक २०१५ मध्ये जयपूरला झाली. मे २०२३ मध्ये पोर्ट मोरेस्बी येथे भारताने फिजीत हृदयरोग रुग्णालय, सर्व १४ देशांत डायलिसिस केंद्रे, सागरी रुग्णवाहिका आणि खारे पाणी गोडे करणारी यंत्रे देण्याची घोषणा केली. मधुमेहाने ग्रासलेल्या या बेटांना अशा मदतीची खरीच गरज आहे.

पण बेटांची सर्वांत मोठी मागणी वेगळी आहे. समुद्र चढतो आहे. त्याची जबाबदारी कोणाची, हे त्यांना ठरवून हवे होते. २०१९ मध्ये वानुआतूतील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची मोहीम सुरू केली. वानुआतू सरकारने ती उचलली आणि मार्च २०२३ मध्ये आमसभेने तसा ठराव एकमताने मंजूर केला.

डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताने भूमिका मांडली, की न्यायालयाने सध्याच्या हवामान करारांपलीकडे नवी बंधने निर्माण करू नयेत. यामागे कारण आहे: तापमानवाढीला मुख्यतः श्रीमंत देश जबाबदार आहेत आणि भारताचे दरडोई उत्सर्जन आजही कमी आहे. हा मुद्दा आम्हालाही रास्त वाटतो. मात्र बुडणाऱ्या देशाला करारांपलीकडचा कायदाही हवा होता. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने सल्लागार मत दिले: हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कर्तव्य केवळ हवामान करारांतूनच येत नाही, आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत बंधनकारक नसले, तरी बेटांच्या हाती त्यामुळे कायद्याचा आधार आला आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, मदतीची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारूया. ही मदत मागितली कोणी? घोषणा प्रत्यक्षात आली का? आणि घेणारा आपला हक्क मागू लागला, तेव्हा देणारा कुठे उभा होता? पहिल्या दोन प्रश्नांतून मदतीचा हिशेब कळतो. मैत्रीचा कस तिसऱ्या प्रश्नावर लागतो. वानुआतूच्या विद्यार्थ्यांनी जगाला तोच प्रश्न विचारला. आपण तो आपल्या सरकारला विचारायला हवा.