पुन्हा पाठवण्याचा वेळ : इन्सॅट ते ५जी

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्हा वेढला. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, खाली गोसीखुर्दची ३३ दारे उघडली गेली, आणि दोन राज्यांमधल्या निरोपानिरोपीवर बरीच जाहीर टीका झाली. निरोपाच्या साखळीतला एक बारीक दुवा मात्र अशा वादांत कधी येत नाही. बिनतारी लहरींवरून निघालेला संदेश वाटेत बिघडला, तर तो दुसऱ्यांदा नीट मिळायला किती वेळ जातो? १९८२ साली पहिला इन्सॅट अवकाशात गेला आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले. या चाळीस वर्षांत हा वेळ कमालीचा घटला. यंत्रांचा वेग वाढला हे त्याचे नेहमीचे कारण सांगितले जाते, आणि ते अपुरे आहे. ‘पुन्हा पाठव’ हा निर्णय घेण्याची जागा जवळ आली, आणि जिथे ती जवळ आणणे शक्य नव्हते तिथे विचारणेच टाळले गेले. खरा फरक या दोन गोष्टींनी पाडला.

आधी न विचारण्याची गोष्ट. इन्सॅटमार्फत माहिती पाठवणाऱ्या हवामान केंद्रांना उलट दिशेने काही ऐकू येत नसे. सौरपट्टी आणि बॅटरीवर चालणाऱ्या एकाकी खांबाला पोच घेण्याची सोय जोडणे खर्चाचे होते. म्हणून केंद्र ठरलेल्या दहा मिनिटांत तोच संदेश अनियमित क्षणी तीनदा पाठवी. दोन केंद्रांचे संदेश एकमेकांवर आदळले तरी एखादी प्रत पुण्याच्या भूकेंद्रात सुखरूप उतरेल, हा हिशेब. पद्धत ओबडधोबड वाटते खरी, पण पोच नसलेल्या मार्गावर हेच शहाणपण होते. पुढे हवामान खात्याने बसवलेल्या नव्या केंद्रांना प्रत्येकी स्वतःचा राखीव क्षण मिळाला. लहरींचा वेग तोच राहिला आणि उपग्रहही तितक्याच उंचीवर राहिला. फक्त आदळआपट संपली आणि तिच्यापायी लागणारी पुनरावृत्तीही.

मोबाइलच्या बाजूला पोच होती, पण ती लांबून यायची. सुरुवातीच्या ३जी मध्ये संदेशाचा बिघडलेला तुकडा पुन्हा मागवायचा की नाही हे मनोऱ्यावर ठरत नसे. कित्येक मनोरे सांभाळणाऱ्या दूरच्या नियंत्रकाकडे ते ठरे. ३जी च्याच २००२ च्या एचएसडीपीए या सुधारित मानकाने हा अधिकार मनोऱ्यावर आणला आणि तुकड्याची लांबी दोन मिलिसेकंदांवर आली. त्याच वेळी दुसरा बदल झाला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो : बिघडलेली प्रत फेकून देणे बंद झाले. वाळवी लागलेल्या एकाच पोथीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की दोन्हींतून मिळून पाठ लागतो; स्वीकारणारे यंत्र जुनी आणि नवी प्रत तशीच जुळवू लागले. ही कल्पना काही नवी नव्हती. डेव्हिड चेस यांनी १९८५ मध्येच प्रती एकत्र करण्याची रीत मांडली होती. ती व्यवहारात यायला स्वस्त स्मृती आणि निर्णयाची जवळची जागा या दोन्ही गोष्टी लागल्या. पुढे एलटीईमध्ये, म्हणजे ४जी मध्ये, तुकडा एक मिलिसेकंदाचा झाला आणि चुकलेला तुकडा साधारण आठ मिलिसेकंदांत परत येऊ लागला. ५जी मध्ये हा अवधी आणखी आखडता येतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे : इतकी भक्कम त्रुटीदुरुस्ती का लावू नये, की पुन्हा पाठवायची वेळच येणार नाही? तसे करता येते, पण मग हवा स्वच्छ असतानाही प्रत्येक संदेश जादा ओझे वाहत राहतो. म्हणून एलटीईमध्ये पहिल्या प्रयत्नात दहापैकी एक तुकडा चुकू देणे सहसा मुद्दाम पत्करले जाते. क्लॉड शॅनन यांनी १९५६ मध्येच दाखवले होते की स्मृतिहीन मार्गाची कमाल क्षमता पोच मिळाल्याने वाढत नाही. पोच क्षमता वाढवत नसली तरी काम सोपे करते, आणि अभियांत्रिकीत तेवढे पुष्कळ असते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. धानाच्या बांधीत उभ्या माणसाला आठ मिलिसेकंदांचे काय? मनोरा आहे का, एवढेच त्याला विचारायचे असते. आणि पुराचा निरोप अडतो तो कचेऱ्यांमध्ये. हे मान्यच आहे. पुराच्या बाबतीत मिलिसेकंदांचा दावा कोणी करू नये. पण विरळ मनोऱ्यांच्या मुलखात हाच अवधी गुणाकाराने वाढतो. कोका अभयारण्याच्या जंगलासारख्या भागात, मनोऱ्याच्या टापूच्या कडेला, एक तुकडा तीन-चार खेपा घेऊ शकतो. सप्टेंबर २०१६ नंतर जिओने आवाजही ४जी वरच चालवला, तेव्हा दर वीस मिलिसेकंदांना एक तुकडा वेळेत पोचणे आले. उशिरा आलेला शब्द टाकूनच द्यावा लागतो. एलटीईचे यावरचे उत्तर पाहा : कडेच्या फोनने पोचेची वाट न बघता लागोपाठ चार वेळा तेच पाठवायचे. म्हणजे इन्सॅटच्या खांबाचीच युक्ती, फक्त दहा मिनिटांच्या जागी चार मिलिसेकंदांत.

त्यामुळे प्रगती मोजायची ती शहरातल्या सरासरीवर नव्हे, टापूच्या कडेवर, असे माझे मत आहे, आणि भारताने ते एकदा जगापुढे मांडलेही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ५जी कसोट्यांत भारताच्या आग्रहावरून मनोऱ्यांमध्ये सहा किलोमीटर अंतर असलेल्या ग्रामीण टापूची कसोटी आली. तिच्यासाठी घडवलेले देशी ‘५जीआय’ मानक मोबाइल कंपन्यांना दुहेरी खर्चाचे वाटले; २०२१-२२ मध्ये ते जागतिक मानकात विलीन करण्याचा तोडगा निघाला. तो शहाणपणाचाच होता, कारण वेगळ्या मानकाचे फोन महाग पडले असते आणि त्याची झळ आधी लाखांदूर-पवनीसारख्या तालुक्यांतल्या गिऱ्हाइकाला बसली असती. सहा किलोमीटरची कसोटी मात्र त्या विलीनीकरणाने रद्द झालेली नाही, आणि भंडाऱ्यातल्या कोणत्याही नव्या जाळ्याला ती लावून बघता येते.