१४२८५७: कापरेकर मास्तरांच्या दोन कसोट्या

माजिवडा नाक्यावर वाहतूक खोळंबली की मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि १४२८५७ ही संख्या टाका. २ ने गुणा: २८५७१४. ३ ने गुणा: ४२८५७१. पुढे चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. अंक तेच आणि त्यांचा क्रमही तोच, फक्त सुरुवात बदलते. सातपट मात्र थेट ९९९९९९!

ही जादू नाही, साधा भागाकार आहे. १ ला ७ ने भागले की ०.१४२८५७१४२८५७… असे उत्तर येत राहते. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार. इथे ती १, ३, २, ६, ४, ५ अशी सगळी येऊन जाते आणि पुन्हा १ वर पोहोचते. २ ला ७ ने भागणे म्हणजे याच फेरीत २ च्या थांब्यावर चढणे. फेरी तीच, म्हणून अंकही तेच.

माजिवड्याहून निघणारा महामार्ग नाशिकला जातो. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते. जन्म १९०५ मध्ये डहाणूत (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होते), माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. वरचे चक्र त्यांच्या आधीपासून माहीत होते. पण त्यांनी शोधलेल्या दोन कसोट्या या संख्येला लावून पाहा. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून बेरीज करा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दुसरी कसोटी: अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ ला २७ ने बरोबर भाग जातो, उत्तर ५२९१. अशा संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले.

हा रिकामपणचा उद्योग, असे म्हणून इथल्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वदूर झाले. आक्षेपात तथ्य अजिबात नव्हते असे नाही: हर्षदपणा आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे, दुसऱ्या पद्धतीत तो टिकेलच असे नाही. पण आकड्यांशी खेळताना पाय कधी खोल पाण्यात पडेल, सांगता येत नाही.

७ सारखे पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या किती? १३ ची फेरी बाराऐवजी सहा अंकांतच संपते, १७ ची मात्र पुरे सोळा अंक चालते. शंभराच्या आत २५ मूळ संख्या आहेत, त्यांतल्या ९ पूर्ण चक्राच्या. अशा संख्या अनंत असाव्यात, असा अंदाज एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडला. त्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या कापरेकरांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. आर्टिनचा अंदाज खरा असावा असेच बहुतेकांना वाटते. सिद्धता अजून कोणालाच सापडलेली नाही.