दार कोणत्या बाजूला उघडते?

नाट्यगृहात गेलो की तिसरी घंटा होईपर्यंत माझी नजर पडद्यावर नसते, दारांवर असते. किती आहेत, कोणत्या बाजूला उघडतात, कडी आहे की कुलूप, पुढे मोडक्या खुर्च्यांची चळत तर रचलेली नाही ना? बरोबरच्या मंडळींना याचा कंटाळा येतो. आत येण्याच्या दाराला आपण तोरण बांधतो, संगमरवर लावतो. बाहेर पडण्याच्या दाराची आठवण होते ती पंचनाम्याच्या वेळी.

इंग्लंडमधील संडरलंड शहराच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी करमणुकीचा कार्यक्रम होता. शेवटी रंगमंचावरून खेळणी वाटायला सुरुवात झाली. वर गॅलरीत बसलेल्या मुलांना वाटले, आपल्याला काही उरणार नाही. ती जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्टाने अडकवलेले होते. पुढची मुले अडकली. मागच्यांना ते दिसत नव्हते. ती येतच राहिली. १८३ मुले गुदमरून, चिरडून गेली. आग नव्हती, धूर नव्हता. अशा दुर्घटनेनंतर ‘लोक घाबरले, म्हणून चेंगराचेंगरी झाली’ असे छापून येते, ते मला पटत नाही. इथे भीती कुठे होती? खेळण्याची आशा होती आणि एक चुकीचे दार होते.

गर्दी दारावर आली की मागचा रेटा पुढच्यांना दाराशी दाबून धरतो. दार आत उघडणारे असेल तर ते ओढायला अर्धा हात जागाही उरत नाही. बाहेर उघडणारे दार त्याच रेट्याने उघडते. एवढी साधी गोष्ट!

पण कुलूप येते कुठून? शिकागोचे इरोक्वा थिएटर ३० डिसेंबर १९०३ रोजी जळाले तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचे होते आणि ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरात होती. काही दारे पडद्यांआड लपली होती, काहींच्या कड्या प्रेक्षकांना उघडताच आल्या नाहीत. स्वस्त तिकिटांचे प्रेक्षक महागड्या जागांवर घुसू नयेत म्हणून जिन्यांवर लोखंडी जाळ्या लावून कुलपे घातली होती. ६०२ माणसे मेली. त्या खेळाचे तिकीट असूनही कामामुळे जाऊ न शकलेला कार्ल प्रिंझलर हा हार्डवेअरचा विक्रेता पुढे हेन्री ड्यूपाँ याच्या मदतीने त्या कुलपाच्या मागे लागला. १९०८ मध्ये त्यांचा दाराचा आडवा दांडा बाजारात आला. बाहेरून दार बंदच राहते; आतून कुणीही, अंधारातही, अंग टेकले की उघडते. फुकट्यांची भीती आणि प्रेक्षकांचा जीव यांत निवड करण्याची सबब तेव्हापासून कुणाला उरलेली नाही.

रुंदीचाही हिशेब आहे. एक मीटर रुंदीच्या दारातून सेकंदाला साधारण सव्वा माणूस बाहेर पडतो. हजार माणसांच्या सभागृहात असे एकच दार उघडे राहिले तर तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. धूर तेवढा थांबत नाही. शिवाय घाई केली की वेग वाढत नाही, घटतो. कणगीच्या तोंडाशी ज्वारीचे दाणे एकमेकांना अडून कमान धरतात, तशीच माणसांची कमान दाराशी धरते. हेल्बिंग, फार्कश आणि विचेक या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये संगणकावर हे मांडून दाखवले. दारापुढे जरा एका बाजूला खांब असेल तर रेटा फुटतो, असेही त्यांच्या गणितातून निघाले. स्पेनमध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला. माणसांवरच्या प्रयोगांत निकाल एकसारखे आलेले नाहीत. (आमच्या व्यवस्थापकांनी हे अर्धवट वाचू नये, दारापुढे अडगळ ठेवायला तेवढे निमित्त पुरेल.)

दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला आणि धूर बाल्कनीत चढला. तिथे उजव्या बाजूची वाट खुर्च्या टाकून बंद केलेली होती. ५९ जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी पाऊस आणि गर्दी एका अरुंद जिन्यावर भेटली. २३ माणसे मेली. तिथे तर दारच नव्हते, वाटच अपुरी होती.

नियम नाहीत असे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता सभागृहाचे दार किमान दोन मीटर रुंद आणि बाहेर उघडणारे मागते. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला मागतो. दाखला फायलीत जातो. कुलूप दारावर असते.

अलीकडे एका मंगल कार्यालयात मागच्या दाराची किल्ली कुठे असते, असे विचारले. “आचाऱ्याकडे,” व्यवस्थापक म्हणाले. आचारी कुठे आहेत? ते पंगत आटोपून जेवायला गेले होते. दाराला टेकून गॅसचे चार सिलिंडर उभे होते आणि आत सातशे माणसे अक्षता हातात घेऊन मुहूर्ताची वाट पाहत होती. मी किल्ली मागवायला लावली. ती यायला अकरा मिनिटे लागली.