टाकाऊतून मोटार : कल्पकता, खर्च आणि कायदा

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका चारचाकी गाडीची देशभर चर्चा झाली. दत्तात्रय लोहार यांनी टाकाऊ सुटे भाग जुळवून सुमारे 60 हजार रुपयांत ही गाडी तयार केली होती. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या कल्पकतेचे जाहीर कौतुक केले. मात्र हे वाहन नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ते रस्त्यावर अडवले जाईल, याकडेही त्यांनी लक्ष वेधले आणि त्याच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

हा प्रसंग सुखान्त ठरला. तथापि, प्रत्येक कारागिराच्या दारी उद्योगपती येत नाही. मर्यादित पैशांत जुन्या सांगाड्यावर दुसरे इंजिन चढवण्याचा प्रयत्न देशात अनेक ठिकाणी होतो. त्यामागील अर्थशास्त्र व कायदा समजून घेणे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल.

इंजिन बदलणे म्हणजे काय?

इंजिन हा वाहनाचा एक सुटा भाग असला, तरी तो एकटा बदलता येत नाही. निराळे इंजिन बसवायचे तर त्याचे आधार नव्याने जोडावे लागतात. क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, इंधननळ्या व वायरिंग यांचा मेळ घालावा लागतो. इंजिन अधिक शक्तिशाली असेल तर ब्रेकचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच वेग ताशी 40 किलोमीटरवरून 60 वर गेला, तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. कमी पैशांत काम करणारा सहसा याच ठिकाणी काटकसर करतो आणि तीच घातक ठरते.

खर्चाचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका तरुणाजवळ 60 हजार रुपये आहेत. त्याने 25 हजारांत जुनी मोटार घेतली, 20 हजारांत दुसरे इंजिन आणले आणि जोडणीवर 15 हजार खर्च केले. पैसे संपले, पण ब्रेक व रेडिएटरसाठी आणखी 15 हजार हवे आहेत. ‘एवढे घातलेच आहेत, तर आता मागे कशाला फिरायचे?’ असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 60 हजार हा बुडीत खर्च आहे. पुढचा निर्णय त्यावर नव्हे, तर यापुढे लागणारा खर्च आणि यापुढे मिळणारा लाभ यांच्या तुलनेवर घेतला पाहिजे.

समजा, काम येथेच थांबवून सुटे भाग विकल्यास 20 हजार मिळतील. काम पूर्ण केले, पण गाडीची नोंदणी होऊ शकली नाही, तर तिचे 22 हजारच येतील. म्हणजे 15 हजार घालून लाभ अवघा दोन हजारांचा. याउलट, तपासणी होऊन रीतसर मान्यता मिळाली आणि गाडीची किंमत 90 हजार झाली, तर त्याच 15 हजारांतून 70 हजारांचा लाभ होतो. लोखंड तेच, श्रम तेच; फरक केवळ मान्यतेचा. कायदेशीर मान्यता हादेखील मूल्यनिर्मितीचा घटक आहे, तो असा.

येथे संधिव्ययाचाही विचार करावा लागतो. दोन महिन्यांची मजुरी आणि त्याच पैशांत मिळू शकणारी कागदपत्रांसह जुनी गाडी, या दोन्हींचा त्याग या प्रयोगात दडलेला असतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 39 नुसार सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी आवश्यक आहे, तर कलम 146 नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे. कलम 52 नुसार, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांसारख्या वेगळ्या ऊर्जास्रोतासाठी विहित अटींनुसार मान्यताप्राप्त संच बसवण्याची मात्र मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा कठोर अर्थ कायम केला. 2019 च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम 182-अ अन्वये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याआधी मे 2013 मध्ये न्यायालयाने उत्तर भारतातील ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे त्यालाही हे नियम लागू होतात.

एवढी कठोरता का? याचे उत्तर बाह्य परिणामांत आहे. सदोष ब्रेकची किंमत केवळ मालक मोजत नाही. रस्त्याने चालणारा पादचारीही मोजतो. शिवाय विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. माहितीच्या या विषमतेचे विश्लेषण जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणानेच केले आणि 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा सहभागी मान मिळाला. नोंदणी व तपासणी ही विषमता कमी करतात.

पुढील दिशा

तरीही प्रश्न उरतो. आपल्याकडील मान्यतेची व्यवस्था प्रामुख्याने कारखानदारांसाठी आहे. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थेत नमुना-वाहनाची चाचणी होते, तिचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला जातो. एकच गाडी बनवणाऱ्याला तो पेलत नाही. ब्रिटनमध्ये 2009 पासून एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे 2000 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ग्रामीण संशोधकांना मदत करते. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी मोटारसायकलला शेतीची अवजारे जोडून ‘बुलेट सांती’ तयार केली. अशा नवप्रवर्तनांना या प्रयत्नांतून ओळख मिळाली.

या धर्तीवर जिल्हा पातळीवर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि परिवहन कार्यालये यांच्या साहाय्याने परवडणारी, पण कसोशीची तपासणी उभी करता येईल. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये रूपांतर करण्याचे काम वाढेल, तसे अशा कुशल हातांची गरजही वाढणार आहे. आडगावच्या भट्टीवर अनुभवातून कमावलेले कौशल्य हे मानवी भांडवलच आहे. सुरक्षिततेशी तडजोड न करता त्याला प्रमाणपत्राची वाट मोकळी करून देणे, हे विकासनीतीचे काम होय.